व्याजाचा हिशेब

संपादक महाशयांचें पत्र आलें. पदव्युत्तर शिक्षणाचा आपला अनुभव विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल अशा रीतीनें लिहून पाठवावा, अशी त्यांत आज्ञा होती. ह्याच शाळेच्या बाकांवर बसून मीं अपूर्णांक गिरविले, व ह्याच वार्षिकाच्या मराठी विभागांत माझा पहिला निबंध छापून आला. तेव्हां नाहीं म्हणणें मला शक्य नव्हतें. परंतु लेखणी हातीं घेतली आणि मन अडखळलें. खरा अनुभव लिहावयाचा तर नुसती यशाची कथा सांगून भागणार नाहीं. माझ्या एका चुकीची कथा सांगावी लागेल, आणि ती चूक मीं आपल्या आईच्या बाबतींत केलेली आहे. पुष्कळ विचारांतीं ती सांगावयाची असें मीं ठरविलें. ज्या आईबापांच्या हातीं हें वार्षिक पडेल त्यांनीं, व ज्यांस पुढें मोठ्या परीक्षा द्यावयाच्या आहेत त्या माझ्या लहान भावंडांनीं, ती शांतपणें वाचावी, एवढीच विनंति.

माझें गांव म्हसवड. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, माणगंगेच्या कांठीं तें वसलें आहे. सिद्धनाथाचें देऊळ व मार्गशीर्षांतील त्याची रथयात्रा ह्यांमुळें त्याचें नांव दूरवर ठाऊक आहे. परंतु जे तेथें राहिले आहेत ते त्यास दुष्काळाचें गांव म्हणून ओळखतात. सह्याद्रीनें अडविलेला पाऊस आमच्या माण तालुक्यापर्यंत पोहोंचतां पोहोंचतां रिता होतो. नदीला नांव गंगेचें, पण वर्षांतील बहुतेक महिने तिच्या पात्रांत वाळूच दिसावयाची. अशा मुलखांत मनुष्यास दोन गोष्टी लहानपणींच शिकाव्या लागतात : पाणी मोजून वापरणें व पैसा मोजून खर्चणें.

माझी आई आठवड्याच्या बाजारांत कांदे, लसूण व वाळलेल्या मिरच्या विकते. वडील गवंड्याच्या हाताखालीं काम करीत. काम असे तेव्हां मजुरी, नसे तेव्हां घरीं बसणें. आई शाळेंत गेलेली नाहीं. तिचा जमाखर्च चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनीं मांडलेला असे. उभी रेघ म्हणजे येणें, आडवी रेघ म्हणजे देणें, आणि रेघेपुढें टिंब दिलें म्हणजे तें फिटलें. दिवाळीपूर्वी भिंत सारवावयाची वेळ आली कीं आई एकेका रेघेवर बोट ठेवून कोणाकडून किती यावयाचें व कोणास किती द्यावयाचें हें आम्हांस म्हणून दाखवी, आणि मग सारवणाचा हात फिरवी. पुढें वर्षभर तो सारा हिशेब तिच्या डोक्यांत राही. त्यांत एका रुपयाची चूक झालेली मला आठवत नाहीं.

बी. कॉम्. झाल्यावर पुण्यास जाऊन एम्. कॉम्. करावें, व त्यांत वित्त हा विषय घ्यावा, असें माझ्या मनानें घेतलें. नातलगांचें म्हणणें निराळें होतें. मुलगी पदवीधर झाली, आतां आणखी शिकून काय करावयाचें, हा प्रश्न आमच्या ओसरीवर रोज नव्या तोंडानें विचारला जाई. आई ऐकून घेई. एके दिवशीं ती एवढेंच म्हणाली : "हिशेब शिकाया चाललीया पोर. हिशेब कुनाचा वाया जात न्हाई." त्यानंतर तो विषय संपला.

प्रवेश, वसतिगृह व पुस्तकें मिळून २४,००० रुपयांची गरज होती. घरांत एवढी रक्कम एकदम कधींच नव्हती. जवळच्या एका गांवीं कर्ज देणारी एक संस्था होती, तिच्याकडे आम्ही गेलों. व्याज शेंकडा १२, मुदत १ वर्षाची, दरमहा समान हप्ता. कागद मीं वाचला. मी पदवीधर होतें, कागद वाचणें हें माझेंच काम होतें. बारा टक्के हा आंकडा पाहून मला समाधान वाटलें, कारण गांवच्या सावकाराचा दर ह्याहून पुष्कळ जास्त होता. तेवढ्यांत आई हळूच म्हणाली : "मुद्दल म्हयन्याच्या म्हयन्याला फिटतंया, मग व्याज सगळ्या रकमेवर कशापायी?"

त्या वेळीं टेबलापलीकडचे गृहस्थ किंचित् हंसले. मला लाज वाटली. प्रश्नाचा विचार करण्याऐवजीं मीं त्या हंसण्याचा विचार केला, व आईस म्हणालें, "आये, तुला ह्यांतलं कळत नाहीं. दे अंगठा." तिनें माझ्याकडे पाहिलें, मग शाईच्या डबीकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां अंगठा उमटविला.

पुण्यास अभ्यास सुरू झाला. वित्त म्हणजे काय, असें पुष्कळ विद्यार्थी मला विचारतात. हिशेबनीस घडून गेलेल्या व्यवहाराची नोंद करितो. वित्ताचा अभ्यासक पुढें घडावयाच्या व्यवहाराचा विचार करितो. आजचे १०० रुपये व वर्षानंतर मिळणारे १०० रुपये ह्यांची किंमत एक नसते, हा ह्या शास्त्राचा पहिला धडा. दर शेंकडा १० धरला तर आजचे १०० म्हणजे पुढील वर्षाचे ११०. उलट पुढील वर्षीं मिळावयाचे १०० म्हणजे आजचे सुमारें ९१ च. काळालाही भाव आहे, आणि त्या भावाचें नांव व्याज. दुसरा धडा जोखमीचा. सर्व भांडवल एकाच ठिकाणीं गुंतवूं नये. ज्या धंद्यांची बरकत व बूड एकाच वेळीं येत नाहीं असे धंदे जोडीनें धरावे, म्हणजे एकंदर धोका कमी होतो. हॅरी मार्कोविट्झ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९५२ सालीं ही गोष्ट गणितानें मांडून दाखविली व १९९० सालीं त्यास अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें गणित शिकत असतांना मला आमच्या माणदेशचा शेतकरी आठवे. तो बाजरींत मटकी पेरतो, दारांत दोन शेळ्या बांधतो, चार कोंबड्या पाळतो व घरांतील एक मनुष्य मजुरीस धाडतो. पाऊस गेला तर शेळी विकावी, शेळी गेली तर मजुरी आहेच. सूत्र त्यास ठाऊक नसेल, पण त्यामागील भय व उपाय हीं दोन्ही त्यानें पिढ्यान् पिढ्या जाणलीं आहेत.

ही समजूत मात्र मला नंतर आली. आरंभीं मला केवळ आपल्या नव्या विद्येचा अभिमान होता. तो एका सकाळीं उतरला. आमच्या प्राध्यापकांनीं फळ्यावर एक उदाहरण घातलें : सरळ दरानें आकारलेलें व्याज व घटत्या शिलकेवर आकारलेलें व्याज ह्यांतील भेद काढा. मीं सहज म्हणून वहींत आमच्याच कर्जाचे आंकडे घेतले. २४,००० रुपयांवर संपूर्ण वर्षाचें व्याज शेंकडा १२ प्रमाणें २,८८०. एकूण देणें २६,८८०. बारांनीं भागतां दरमहा हप्ता २,२४०. कागदावर ह्यांतील एक अक्षरही खोटें नव्हतें. परंतु त्या हप्त्यांत दरमहा २,००० रुपये मुद्दल परत जात होतें. म्हणजे पहिल्या महिन्यांत आमच्याजवळ संस्थेचे २४,००० होते, दुसऱ्यांत २२,०००, आणि शेवटच्या महिन्यांत अवघे २,०००. वर्षाची सरासरी पाहिली तर १३,००० च. तेरा हजार वापरून २,८८० व्याज दिलें, तर खरा दर शेंकडा २२ च्या आसपास होतो. सूत्रानें नेमका काढला तेव्हां तो सुमारें साडेएकवीस आला. घटत्या शिलकेवर खरोखर १२ टक्के आकारले असते तर सारें व्याज १,६०० रुपयांच्या आंतच राहिलें असतें. आम्हीं सुमारें १,३०० रुपये जास्त देत होतों.

पेन्सिल माझ्या हातांतून खालीं पडली. फळ्यावरील प्रश्न व कर्जाच्या टेबलापाशीं आईनें विचारलेला प्रश्न एकच होता. फरक एवढाच कीं प्राध्यापकांनीं विचारला तेव्हां मीं त्यास विद्या म्हटलें, आणि आईनें विचारला तेव्हां अडाणीपणा.

त्या दिवसापासून मी ह्या विषयाचा इतिहास निराळ्या दृष्टीनें वाचूं लागलें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला व तो आजूबाजूस पसरला. त्या दंग्यांत त्यांचा मुख्य रोख रोख्यांवर, म्हणजे कर्जाच्या कागदांवर होता. ते मिळवून त्यांनीं जाळले. जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं व ज्यानें आपली जमीन जाते, त्याचा राग किती असेल ह्याची कल्पना करावी. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांस लागू होता, आणि रोख्याच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. रोख्याच्या पाठीमागें जाणें हें शब्द मला फार आवडले. वित्ताच्या पदवीचा सारा अर्थ त्यांत आला आहे असें मला वाटतें.

आमच्या माणच्या शेजारींच खटाव तालुका आहे. तेथील गोरेगांवीं दुष्काळपीडितांस काम देण्यासाठीं तळें खोदलें जात होतें, व त्या कामावर रामजी सकपाळ हे खजिनदार होते. १९०१ सालीं त्यांचा साताऱ्यास राहणारा मुलगा भीमराव घरांतील इतर मुलांसह त्यांस भेटावयास निघाला. मसूरच्या स्टेशनावर उतरल्यावर हीं मुलें अस्पृश्य आहेत हें कळतांच कोणी गाडीवान त्यांस नेईना. अखेर दुप्पट भाडें देऊन व बैल स्वतःच हांकण्याचें कबूल करून त्यांस गाडी मिळाली, आणि वाटेंत प्यावयास पाणीही मिळालें नाहीं. ही हकीकत डॉक्टर आंबेडकरांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे. रस्ता तोच, गाडी तीच. भाडें मात्र दुप्पट. जो दुबळा त्यास तीच वस्तु महाग पडते, हा नियम मीं कर्जाच्या दरांत पाहिला, तो त्या मुलानें गाडीच्या भाड्यांत पाहिला होता.

तोच मुलगा पुढें पैशाच्या शास्त्राचा पंडित झाला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व १९१५ सालीं एम्. ए. झाले. पुढें लंडनास अभ्यास चालू असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ सालीं त्यांस अर्ध्यावरच परतावें लागलें. खचून न जातां त्यांनीं १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून पैसा जमविला, आणि १९२० सालीं ते पुनः लंडनास गेले. १९२१ सालीं सरकारी वित्तावरील प्रबंधानें एम्. एस्‌सी. व १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधानें डी. एस्‌सी. ह्या पदव्या त्यांनीं मिळविल्या. रुपयाची खरेदीशक्ति स्थिर राहिली पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. कारण रुपया घसरून वस्तु महागल्या कीं मजुराची मजुरी हातीं येतां येतांच लहान होते. विद्यार्थिमित्रहो, पैशाअभावीं शिक्षण मध्येंच तुटलें म्हणजे सर्व संपलें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं १९१७ ते १९२० हीं तीन वर्षें ध्यानांत ठेवावीं.

दिवाळीच्या सुट्टींत मी घरीं गेलें. आई चुलीपुढें भाकरी थापीत होती. मीं वही उघडून तिला सारें समजावून सांगितलें, आणि शेवटीं म्हणालें, "आये, तुझंच खरं होतं. मीच चुकलें." मला वाटलें ती रागावेल, निदान त्या जास्त गेलेल्या पैशाविषयीं हळहळेल. तेराशें रुपये म्हणजे तिच्या कित्येक बाजारांचा नफा. तिनें भाकरी तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरविला व म्हणाली : "मला तवाच ठावं हुतं, पोरी. पर तुझ्या फीची तारीख जवळ आलीवती. म्हणून अंगठा दिला. ते तेराशे बी फीच समज." थोड्या वेळानें भाकरी उलथतांना ती पुनः बोलली : "पर कुनाला बी 'तुला कळत न्हाई' म्हणू नगंस. बाजारात बसलेल्या बाईला तर न्हाईच."

माझ्या पदवीच्या दोन वर्षांतील सर्वांत मोठें व्याख्यान तें.

मग मला आमच्याच गांवची एक गोष्ट आठवली. ती मीं लहानपणापासून ऐकली होती, परंतु तिचा अर्थ मला आतां कळला. मुंबईस शिक्षण घेऊन लग्नानंतर म्हसवडास आलेल्या चेतना गाला सिन्हा ह्यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. रोज थोडे पैसे सांठवून पावसाळ्यापूर्वी डोक्यावर ताडपत्रीचें छप्पर घालावें एवढीच तिची इच्छा होती. पण इतकी लहान रक्कम ठेवून घेण्यास बँका तयार नव्हत्या. तेव्हां स्त्रियांचीच एक बँक काढावी असा विचार निघाला व रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला, कारण कित्येक प्रवर्तक स्त्रियांस लिहितां वाचतां येत नव्हतें, त्यांनीं अंगठे उमटविले होते. त्या स्त्रिया रडत बसल्या नाहींत. त्या अक्षरें शिकूं लागल्या आणि चेतनाताईंबरोबर पुनः अधिकाऱ्यांपुढें जाऊन उभ्या राहिल्या. आम्हांस वाचतां येत नसेल, पण मोजतां येतें. कोणत्याही मुद्दलाचें व्याज आम्हांस विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांसही यंत्रावांचून तेंच विचारा, आणि आधीं उत्तर कोण देतें तें पाहा, अशा अर्थाचें आव्हान त्यांनीं दिलें. परवाना मिळाला, व १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजारांत बसणाऱ्या बाईस दुकान टाकून बँकेंत जाणें परवडत नाहीं. म्हणून बँकच तिच्या दारीं जाऊन तिची बचत गोळा करूं लागली. २००६ सालीं धंदा करणाऱ्या खेड्यांतील स्त्रियांसाठीं शाळाही निघाली. २०१८ सालीं दावोस येथील जागतिक आर्थिक परिषदेच्या सहाध्यक्षांमध्यें चेतनाताईंचें नांव होतें. परंतु माझ्या दृष्टीनें त्याहून मोठा प्रसंग तो, जेव्हां अंगठा उमटविणाऱ्या बायकांनीं व्याजाच्या हिशेबाची पैज मारली.

ज्या गांवांत हें घडलें त्याच गांवची मुलगी मी, आणि मींच आपल्या आईस कळत नाहीं असें म्हटलें! ह्यापरता दुसरा धडा तो कोणता? परीक्षेसाठीं जो छोटा प्रबंध लिहावयाचा होता, त्याचा विषय मीं बदलला. बाजारांत बसणाऱ्या स्त्रिया कर्जाचा खरा दर कसा ओळखतात, हा विषय घेऊन मी पुढील सुट्टीभर आईच्या शेजारीं पोत्यावर बसलें. कोणी बोटांच्या पेरांवर मोजी, कोणी मिरच्यांचे ढीग मांडून दाखवी. त्यांच्या व माझ्या उत्तरांत क्वचितच एक-दोन टक्क्यांचा फरक पडे. मीं त्यांस सूत्र शिकविलें, त्यांनीं मला प्रश्न कसा विचारावा हें शिकविलें.

आतां आईबापांस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतें. मुलाच्या शिक्षणासाठीं कर्ज काढण्यांत कमीपणा नाहीं. पण सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. व्याज पूर्ण रकमेवर कीं घटत्या शिलकेवर? व्याजाखेरीज दुसरें कोणतें शुल्क आहे? आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत एकंदर किती रुपये आमच्या हातून जातील? रिझर्व्ह बँकेच्या नियमान्वयें १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक व लहान उद्योगांच्या कर्जांत बँकांनीं व बँकेतर वित्तसंस्थांनीं कर्जदारास मुख्य गोष्टींचें एक विवरणपत्र द्यावयाचें आहे. त्यांत सर्व शुल्क धरून वार्षिक खरा दर लिहिलेला असतो, आणि तें कर्जदारास समजणाऱ्या भाषेंत असावें व त्यास समजावून सांगावें असेंही बंधन आहे. आमच्या कर्जाच्या वेळीं हा नियम नव्हता. तें पत्र मागून घ्यावें, व ज्या ठिकाणीं हा नियम लागू नसेल तेथेंही हेच प्रश्न विचारावे. कोणी हंसला तर हंसूं द्यावें. हंसण्याला व्याज लागत नाहीं. न विचारण्याला लागतें.

आणि माझ्या लहान भावंडांनो, तुम्हीं जरूर शिका. मोठ्या पदव्या घ्या. वित्त हा विषय कोरडा आहे असें कोणी म्हणेल तर त्यावर विश्वास ठेवूं नका. बियाणें, औषध, घरावरील छप्पर व बहिणीची फी हीं सारीं त्यांतच येतात. परंतु ज्या दिवशीं तुमची पदवी घरांतील मनुष्याचा प्रश्न ऐकूं देईनाशी होईल, त्या दिवशीं ती पुनः पहिल्यापासून शिकावयास घ्या.

निकाल लागला त्या दिवशीं मीं गुणपत्रिका आईच्या हातीं दिली. ती तिनें उलटसुलट करून पाहिली, देवाजवळ ठेविली, आणि चुलीमागच्या भिंतीकडे गेली. संस्थेच्या कर्जाची आडवी रेघ तेथें अजून होती. शेवटचा हप्ता कधींच फिटला होता, पण आईनें तिच्यापुढें टिंब दिलें नव्हतें. तें तिनें त्या दिवशीं दिलें.